कालव्याच्या टेलला, गाइडबरोबर

2010 साली पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा मी इंदापूर तालुक्यात भूगोल शिकवत होते आणि मार्गदर्शक मॅडम पुण्यात होत्या. नोंदणी पुणे विद्यापीठात झाली. 2016 साली पदवी मिळाली तोवर विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालेलं होतं. त्या काळात बारामती-इंदापूरच्या कितीतरी प्राध्यापकांचं संशोधन एसटीवरच चालायचं. पहाटे निघून स्वारगेट गाठायचं, आणि सर मीटिंगमध्ये असले की पुढची तारीख घेऊन परत. अनेकांचं काम गाइडशी न जमल्यामुळे रखडलं. माझं पार पडलं, याचं मोठं श्रेय मॅडमच्या वागण्याला आहे.

विषय होता नीरा डाव्या कालव्याखालच्या बिघडलेल्या जमिनी. कालवा 1885 चा. त्याच्या पाण्यानं जमिनी खारावल्या, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी ताम्हणे यांच्यासह या जमिनींचा अभ्यास करून 1910 मध्ये पुस्तिका काढली. पहिल्याच भेटीत मॅडमनी तिचं मुखपृष्ठ दाखवलं. इंग्रज प्राचार्याच्या नावाबरोबर मराठी सहकाऱ्याचंही नाव. "पेपरवर पहिलं नाव तुझं असेल. हे आजच बोललेलं बरं," त्या म्हणाल्या. हा विषय बहुतेक ठिकाणी कुणी काढतच नाही आणि मग मनं दुखावतात.

मी भेटीआधी दोन पानं लिहून पाठवायची, आणि काय ठरलं ते त्याच रात्री मेलवर कळवायची. त्यामुळे "मी असं म्हटलंच नव्हतं" हे वाक्य आमच्यात कधी आलं नाही. प्रकरण परत यायचं तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्न असायचे. वाक्य मात्र त्या स्वतः बदलत नसत.

खरी कसोटी लागली ती टेलच्या गावांत. पाण्याचा अतिवापर आणि निचऱ्याचा अभाव, हे मॅडमचं कारण बारामतीकडच्या शिवाराला लागू पडत होतं. इंदापूरकडे आवर्तन वेळेवर पोचतच नाही, माणसं विहिरीच्या मचूळ पाण्यावर ऊस जगवतात, मग तिथे अतिवापर कुठला? मी तसं लिहून पाठवलं. दोन आठवडे उत्तर नाही. मग फोन आला, "शनिवारी येते. ऑगर तयार ठेव."

दिवसभर आम्ही बांधाबांधानं फिरलो. एक फूट, दोन फूट, तीन फूट, अशी माती काढून पिशव्या भरल्या, विहिरींचं पाणी बाटल्यांत घेतलं. एका आजोबांनी जमीन खारवट आहे की चोपण, हे जिभेवर पारखायची रीत सांगितली, तीही मॅडमनी वहीत उतरवली. हा भेद महत्त्वाचा होता, कारण खारवट जमिनीला मुख्यतः निचरा लागतो, तर चोपण जमिनीला आधी जिप्सम. कारण चुकलं की शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो. प्रयोगशाळेचे आकडे आल्यावर मॅडम म्हणाल्या, "दोन्ही कारणं लिही. कुठल्या गावाला कुठलं, ते नकाशावर दाखव." मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच उकरलं. मॅडम माझ्या बाजूनं एक शब्दही बोलल्या नाहीत. उत्तर मला देऊ दिलं. त्या गप्प बसण्याचं मोल मला आज जास्त कळतं.

आता मीही गाइड आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहा विद्यार्थी घेता येतात. मी तीनच घेते. प्रत्येकाच्या शिवारात एकदा तरी जायचं तर त्याहून जास्त जमत नाही.