आग्रा रोडच्या आतल्या खाणावळी

धुळ्यात उतरलेल्या परक्या माणसाने जेवणाची चांगली जागा विचारली की त्याला बहुतेक वेळा हायवेवरचा ढाबा सांगितला जातो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना छेदतात, सोलापूरकडे जाणाराही इथूनच फुटतो, त्यामुळे ढाब्यांना तोटा नाही. पण धुळे रोज काय जेवते हे समजून घ्यायचे तर गावात शिरावे लागते. पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 मध्ये धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि पांझरेकाठी सरळ रेषेत नवी पेठ आखली. त्या पेठेतल्या गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. आग्रा रोडवरच्या गर्दीतून अशा एखाद्या गल्लीत वळले, किंवा नदी ओलांडून देवपुरात कॉलेजांच्या आसपास गेले, की दारावर 'घरगुती जेवण मिळेल' एवढीच अक्षरे असलेली छोटी पाटी दिसते. कुठे तीही नसते. दाराबाहेरच्या चपलांवरून अंदाज घ्यायचा.

घराचीच पुढची खोली, तीन-चार टेबले, स्टीलचे जग, भिंतीवर कॅलेंडर आणि आत स्वयंपाकघर. मालकीण बहुधा स्वयंपाकघरात, पोळ्या लाटायला सोबत एक-दोन बाया, आणि पैसे, वाढप, बाजारहाट घरातल्या पुरुषाकडे किंवा मुलाकडे. रोजचे जेवणारे ते 'मेंबर'. देवपुरातले विद्यार्थी, बदलीवर आलेले बँकेतले कारकून, एसटीचे कर्मचारी, आणि सरकारी दवाखान्यात कुणी दाखल असले तर त्याचे नातेवाईक. मेंबरांची एक वही असते, तिच्यात खाडे मांडले जातात. किती खाडे धरायचे, आदल्या दिवशी सांगितले तरच धरायचे का, यावरून महिन्याच्या शेवटी थोडी घासाघीस होते. तीही आपुलकीचीच. रविवारी दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी चूल बंद, हा नियम बहुतेक सगळीकडे सारखा. ती एक संध्याकाळ सोडली तर या बायांना आठवड्यात सुट्टी नसते.

फिस्टला काय, हा प्रश्न धुळ्यात फार वेळा पडत नाही. वरण-बट्टी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात थोडे मक्याचे पीठ, ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट कणीक मळायची, तिचे उंडे वाफवायचे, कापायचे आणि तळायचे. शेतावर गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेली बट्टी वेगळी, तिला धुराचा वास असतो. वर तुरीचे घट्ट वरण, त्यावर तूप, आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. हीच बट्टी आग्रा रोडने उत्तरेला गेले की माळव्यात बाफला होते आणि राजस्थानात बाटी. रस्त्याने माल आणि माणसे ये-जा करतात तिथे ताटातला पदार्थही फिरतो, आणि खानदेशाचे ताट म्हणूनच पुण्या-कोल्हापूरइतकेच इंदूरचेही सोयरे आहे.

खाणावळीचा खरा कस मात्र शेवभाजीत लागतो. ही भाजी गरजेतून आली असावी असे मला वाटते. इथला उन्हाळा कडक. एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी दुपारपर्यंत टिकत नाही आणि भाव परवडत नाहीत. डब्यात भरलेली शेव मात्र कुठे जात नाही. पण शेव टिकाऊ आहे म्हणून भाजी सोपी आहे असे कुणी समजू नये. सुक्या खोबऱ्याची वाटी आणि अख्खा कांदा थेट विस्तवावर धरून बाहेरून काळा होईपर्यंत भाजतात. त्यात लसूण, आले, कोथिंबीर आणि धने, लवंग, मिरी, दगडफूल, मसाला वेलची, तमालपत्र असा काळा मसाला घालून बारीक वाटण करतात. शेंगदाण्याच्या तेलात ते वाटण परतायला घेतले की कडेने तेल सुटेपर्यंत बाई कढईपासून हलत नाही. घाई केली की खोबरे कच्चे लागते, जास्त परतले की रस्सा कडवट होतो. मग पाणी, तेही उकळतेच. गार पाणी घातले तर तर्री वर येत नाही, असे कुठल्याही खाणावळीत सांगतील. तिखट नंदुरबार-दोंडाईचा भागातल्या मिरचीचे. त्या बाजूला हंगामात उघड्या रानात पसरलेल्या मिरचीने जमीन लाल दिसते.

शेव रश्श्यात उकळत नाहीत. ती जाड, ओवा आणि तिखट घातलेली, भाजीसाठी म्हणून वेगळी पाडलेली असते आणि पानात वाढताना वरून पडते. पहिल्या दोन घासांना ती कुरकुरते, पाचव्या घासाला रस्सा पिऊन मऊ होते, आणि जेवणाऱ्याने हा सगळा प्रवास एका वाटीत अनुभवायचा असतो. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच शेव आणि रस्सा वेगवेगळे आणून ठेवतात. फोडलेला कांदा, लिंबू, आणि भाकरी कुस्करून त्यावर रस्सा. चमच्याने खाण्याचा हा पदार्थ नव्हे.

भाकरीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच खाणावळ आणि हॉटेल यांच्यात फरक पडतो. खानदेशात रब्बीला येणारी दादर ज्वारी आहे. काळ्या कसदार जमिनीत हिवाळ्याच्या ओलीवर ती पिकते, आणि तिची भाकरी पांढरी, चवीला गोडसर असते. दुसरी कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ मिसळून दळून आणलेले पीठ म्हणजे कळणा. हे पीठ चिकट, थापताना हाताला धरते, भाकरी करपट रंगाची दिसते, आणि ठेचा व कच्च्या तेलाबरोबर तिला तोड नाही. तंदूर रोटी कुणीही शिकलेला पोरगा करील. कळण्याची भाकरी तव्यावर न तुटता टाकायला वर्षे घालवलेला हात लागतो, आणि तो हात आज बहुधा पन्नाशीच्या पुढच्या बाईचा आहे.

हिवाळ्यात खाणावळीच्या पाटीवर खडूने भरीत चढते. त्यासाठी हिरवट-पांढरी मोठी वांगी लागतात. त्यांत यावल तालुक्यातल्या बामणोदचे नाव मोठे, आणि जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वांगी भाजायची ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. वेचणी होऊन काड्या मोकळ्या होतात त्याच दिवसांत वांगेही ऐन भरात येते, म्हणून जळण आणि भाजी एकाच शिवारातून मिळतात. भाजलेले वांगे लाकडी बडगीत ठेचतात, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत वाईट नसते. पण काड्यांच्या जाळाचा धूर ज्याने चाखला आहे त्याला ते पुरत नाही, आणि शहरातल्या गल्लीत काड्यांचा जाळ करायला जागा उरलेली नाही. म्हणून खाणावळवाले वांगी बाहेरून भाजून आणतात.

सर्वांत अवघड मांडे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मंडक म्हणून त्यांचा उल्लेख आहे, आणि मुक्ताईच्या मांड्यांची कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर मांडे हवेतच. सपिठाची कणीक पाण्यातेलाने तिंबून इतकी सैल करतात की ती बोटांतून ओघळावी. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत, एका हातावरून दुसऱ्यावर घेत कोपरापर्यंत पसरवतात आणि पालथ्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकतात. लाटणे नाही, पोळपाट नाही. इटलीतल्या नेपल्स शहरात पिझ्झ्याची कणीक अशीच हातावर फिरवून पसरवतात. 2017 मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तिथेही ही कला गल्लीतल्या, कुटुंबाने चालवलेल्या छोट्या जागांनीच पिढ्यान्‌पिढ्या जपली. नेपल्सचा मान योग्यच आहे. आमच्या मांडे करणाऱ्या बाईचा हात त्याच तोलाचा आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

पण त्या हाताची किंमत कोण मोजतो? खाणावळीच्या थाळीचा दर पाच-दहा रुपयांनी वाढला तरी मेंबर कुरकुरतात. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असताना प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना एकत्र केले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. बँकेने त्या बायकांना कर्ज दिले आणि त्यांनी ते फेडूनही दाखवले. तोपर्यंत या कामाला कुणी धंदा म्हणतच नव्हते, ते घरकामाचेच शेपूट समजले जाई. धुळ्याच्या गल्ल्यांत ती समजूत अजून पुरती गेलेली नाही. शेवभाजी तगेल, कारण ती पातेलेभर करता येते आणि ढाब्यांनी तिला राज्यभर नेले आहे. कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे आणि काड्यांवरचे भरीत एकेक करून, हातानेच करावे लागते, म्हणून महाग पडते आणि म्हणूनच पाटीवरून आधी पुसले जाते. पनीर मात्र सगळीकडे आले.

म्हणून धुळ्याला येणाऱ्यांना आणि धुळेकरांनाही एक विनंती. हायवे सोडून आत या. सकाळीच फोन करून कळण्याची भाकरी सांगून ठेवा, आखाजीला मांडे हवे असतील तर आठ दिवस आधी सांगा, आणि बाई जो भाव सांगतील तो द्या. मागणी असेल तर पीठ दळून येते, खापर चुलीवर चढते आणि मदतीला ठेवलेली धाकटी बाई ते काम शिकते.