तिकिटाच्या पलीकडचा खर्च

ऊस विकास खात्याच्या पानावर बेणं, खत आणि हुमणी सोडून प्रवासाचा विषय कसा काय, असं वाटेल. पण आमच्या गटातल्या एका सभासदाच्या गोठ्यात खुंटीला वर्षभर टांगलेला जयपूर पाय आम्ही पाहिला आणि हे लिहायचं ठरवलं.

या सभासदांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेलेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडला होता. जयपूरला पाय फुकट मिळतो असं पाहुण्यांकडून कळलं, तसे सात हजार रुपये खिशात घालून नवरा-बायको निघाले. माहिती खरीच होती. रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तयार केलेला हा रबरी पाय मांडी घालून बसायला, उकिडवं बसायला आणि बूट न घालता चिखलात चालायला चालतो. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचाच. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य बसवून देते.

पाय फुकट, पण तिथवर जाणं फुकट नाही. घाईत निघाल्यामुळं तिकिटं तात्काळमधून काढली. तात्काळला कसलीच सवलत नसते, पूर्ण भाडं पडलं. पुण्यात रात्र काढायची होती. लॉजवाल्यानं फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली आणि दिली दुसऱ्या मजल्यावरची. कुबडीवर जिना चढवेना, म्हणून दुसरीकडं दुप्पट भाड्याची खोली घेतली. शिवाय हमाल, रिक्षा. जयपुरात पाय बसला, पण दोन दिवस चालून पाहिल्यावर सॉकेट खुंटाला घासायला लागलं. आणखी दोन दिवस थांबून ते नीट करून घ्यायला हवं होतं. पण परतीच्या वाटेपुरतेच पैसे उरलेले, आणि घरी लावणीला पाणी पाजायला कोणी नाही. तसेच परतले. आठ दिवसांत जखम झाली आणि पाय खुंटीवर गेला. फुकटचा पाय दोन दिवसांच्या खर्चासाठी वाया गेला, हे आम्हाला फार लागलं.

गेल्या उन्हाळ्यात ते पुन्हा जायचे म्हणाले, तेव्हा गट कार्यालयात बसून आम्ही लागवडीचा मांडतो तसा हिशेब मांडला. मालकीणबाईंना मुद्दाम बोलावलं होतं, कारण निम्म्या बाबी त्यांनाच ठाऊक. रेल्वे आणि एसटीची तिकिटं, दोघांची, जाऊन-येऊन, सवलतीनं १,३०० रुपये. बाकीचं असं निघालं: घर ते तालुक्याचा स्टँड जीप, दोन खेपा, १,६००. पुण्यातल्या रिक्षा ८००. तळमजल्याची खोली, जाताना एक रात्र आणि येताना एक, २,४००. हमाल चार वेळा, ८००. वाटेतलं जेवण-चहा २,०००. जयपुरात राहण्या-जेवणाची सोय समितीच करते. आणि सर्वांत मोठी बाब मालकीणबाईंनी सांगितली: रात्रपाळीच्या लाइटीला पाणी पाजायला गडी, आठ रात्रींचे ३,२००. पहिल्या वेळी ही बाब कागदावर नव्हतीच. सगळे मिळून १२,१०० रुपये, त्यात तिकीट जेमतेम नववा हिस्सा!

म्हैस शेजारणीनं सांभाळायचं कबूल केलं, म्हणून ती धरली नाही. पण शेजारणीचं असं कबूल करणं दर वेळी मिळेलच असं नाही.

यावर ३,००० रुपये वेगळे बांधून ठेवायला लावले. नांग्या भरायला आपण रोपं बाजूला ठेवतोच की. तसेच हे, जास्तीच्या मुक्कामासाठी. या पैशाला वाटेत हात लावायचा नाही, असं मालकीणबाईंकडून कबूल करून घेतलं. नवऱ्याकडून नाही, ते खरेदीला सैल आहेत!

आता सवलतींबद्दल. हातापायाच्या ज्या अपंगांना सोबत्याशिवाय प्रवास करता येत नाही, त्यांना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत मूळ भाड्यात ७५ टक्के सूट आहे. एका सोबत्यालाही तेवढीच. आरक्षण आणि सुपरफास्टचा आकार मात्र पूर्ण भरावा लागतो. यासाठी सरकारी डॉक्टरांचा रेल्वेच्या ठराविक नमुन्यातला दाखला लागतो आणि सोबत्याची गरज त्यात नमूद असावी लागते. त्यावर रेल्वेचं ओळखपत्र निघतं. ते आधीच काढून ठेवावं, निघायच्या आठवड्यात धावपळ करून होत नाही. राज्यातल्या साध्या एसटीत ४० टक्क्यांवरच्या अपंगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे. अपंगत्व ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्याला ५० टक्के. सोबत बाईमाणूस असेल तर २०२३ पासून सगळ्याच महिलांना अर्धं तिकीट आहेच.

काही सभासद म्हणतात, अपंग माणसानं कशाला हिंडायचं, घरी बसावं. हे बोलणं आम्हाला पटत नाही. शेअर त्यांच्या नावावर आहे, ऊस त्यांचा आहे, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या सहलीच्या यादीत नाव घालायला ते लाजतात, ते अशा बोलण्यामुळंच. पुढच्या सहलीला गाडीची पायरी बुटकी बघावी आणि सोबत्याचं जेवण खात्याच्या खर्चात धरावं, असं आम्ही कार्यकारी संचालक साहेबांना लेखी कळवलं आहे. उत्तर आलं की याच पानावर देऊ.

दुसऱ्या खेपेला सॉकेट पुन्हा करून घ्यायला एक दिवस जादा लागला. तीन हजारांतले अकराशे गेले, बाकीचे परत आले. मागच्या आठवड्यात आम्ही सुरू लावणीची पाहणी करायला गेलो, तेव्हा ते बांधावरून चालत सामोरे आले. कुबडी खोपीला टेकून ठेवली होती.

रेल्वेच्या दाखल्याच्या नमुन्याच्या प्रती सर्व गट कार्यालयांत ठेवल्या आहेत. गटाच्या शेतकी मदतनिसांकडं मागाव्यात. जाण्याची तारीख ठरवण्याआधी वही-पेन्सिल आणि घरच्या मालकीणबाईंना घेऊन आमच्याकडं यावं. सोमवार आणि गुरुवारी सकाळी आम्ही कार्यालयात असतो.