बटाट्याचे वाण खरोखर 'उतरते' काय?

खेड, आंबेगाव (जिल्हा पुणे) या भागांत बटाट्याचे बेणे बहुधा पंजाबातून आणतात. घरचेच बेणे काही हंगाम धरले की उत्पन्न घटते, आणि 'वाण उतरले' म्हणून शेतकरी नवे वाण शोधू लागतो. वस्तुतः वाण तेच असते. कंद हा खोडाचाच भाग असल्यामुळे डोळ्यातून मूळ झाडाच्याच गुणांचे झाड निपजते. १९६८ मध्ये प्रसारित झालेली कुफरी ज्योती अशीच टिकून आहे. कंदात साठत जातात ते विषाणू. त्यांपैकी पुष्कळ मावा पसरवितो.

फळातील बियांचे तसे नाही. बटाट्यात ४८ गुणसूत्रे, म्हणजे चार संच असतात. बी धरताना त्यांची नव्याने वाटणी होते. एकाच फळातील दोन रोपेही सारखी नसतात.

प्रयोगशाळेतील रोपांविषयीची शंका अगदीच अनाठायी नव्हे. पेशींचा गोळा वाढवून त्यातून फुटवे काढल्यास आनुवंशिक बदल संभवतात. पेऱ्यांच्या तुकड्यांपासून वाढविलेली रोपे मात्र सहसा मूळ गुण राखतात. तेव्हा अशा रोपांपासूनचे बेणे घेताना रोपे कोणत्या रीतीने वाढविली, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अवश्य विचारावे. शेतात पाने गुंडाळलेली, खुजी झाडे दिसताच ती कंदांसह उपटावीत. त्यांचे बेणे धरू नये.