अ‍ॅमेझॉन म्हणजे ताडोबा नव्हे

माचू पिचूच्या सहलीला जोडून ‘तीन रात्री अ‍ॅमेझॉन’ घेणारी मराठी मंडळी हल्ली भेटतात. त्यांच्या डोक्यातलं जंगल बहुधा टीव्हीवरचं असतं: फांदीवर जॅग्वार, पाण्यात पिरान्हा, काठावर भाले घेतलेले आदिवासी.

जॅग्वारचंच आधी बघू. ताडोबात जिप्सीत बसून वाघ दिसतो, तसा इथे तो दिसत नाही. प्राणी उदंड आहेत, पण बरेचसे तीस-चाळीस मीटर उंच झाडोऱ्यात. खालून मान मोडेपर्यंत पाहिलं तरी पानंच दिसतात. जॅग्वारचा हट्टच असेल तर जुलै ते ऑक्टोबरात ब्राझीलचं पांतानाल गाठा. ते वर्षावन नाही, पाणथळ मैदान आहे. अ‍ॅमेझॉनचं वैभव वेगळं. पेरूत तांबोपाता नदीकाठी मातीचे उभे कडे आहेत. पहाटे तिथे पोपट आणि मकाव कलकलाट करत जमतात, शिकारी पक्ष्याच्या भीतीने बराच वेळ झाडांवर घुटमळतात आणि मग कड्याला लटकून माती कुरतडतात. मातीतल्या सोडियमसाठी हा खटाटोप, असं अभ्यासक मानतात. पाऊस असला तर मात्र बहुधा फिरकत नाहीत.

‘पावसाळा टाळूनच जायचं’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. अ‍ॅमेझॉनमध्ये पाऊस बाराही महिने कमीअधिक असतोच. पाहायची असते ती नदीची पातळी. ब्राझीलमधल्या मनाउसला रिओ नेग्रो वर्षभरात साधारण दहा मीटर वरखाली होते, म्हणजे तीन मजले! जूनच्या सुमारास पाणी सर्वांत वर असतं. तेव्हा होडी थेट बुडालेल्या जंगलात शिरते, माकडं आणि स्लॉथ एरवीपेक्षा कितीतरी जवळून दिसतात, गुलाबी डॉल्फिनही माशांमागे झाडांच्या बुंध्यांमधून फिरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरलं की पायवाटा मोकळ्या होतात, वाळूचे किनारे वर येतात. दोन्ही सहली उत्तम, पण एकीची अपेक्षा धरून दुसरीला जाऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर रिओ नेग्रोने १९०२पासूनच्या नोंदींतला नीचांक गाठला होता. तेव्हा बुकिंग करताना ‘त्या महिन्यात पाणी किती असतं आणि लॉजपर्यंत होडी जाते का’ हे आधी विचारा.

पिरान्हा माणसाचा सापळा करतात, ही सिनेमावाल्यांची करामत. नदीकाठची मुलं त्याच पाण्यात डुंबतात. उथळ वाळूत दडलेल्या काटेरी स्टिंगरेवर पाय पडणं जास्त वाईट, म्हणून तिथे पाय उचलून न टाकता घासत चालतात. आणि कायम उकाडाच असतो असंही नाही. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वारे आले की तांबोपाताच्या बाजूला पारा झपकन उतरतो. पातळ स्वेटर ठेवाच.

आदिवासींबद्दलचे गैरसमज मात्र नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. बाहेरच्या जगाशी संपर्क नको असलेले समूह ब्राझीलच्या जावारी खोऱ्यात आणि पेरूच्या मानू परिसरात आहेत. त्यांच्या प्रदेशात शिरणं बेकायदा आहे. साधा फ्लूही त्यांच्या जिवावर उठू शकतो. ‘अस्पर्श जमात दाखवतो’ म्हणणारा एजंट एकतर थापा मारतोय किंवा गुन्हा करतोय. बाकीचे असंख्य आदिवासी शाळा, मोबाइल, निवडणुका असलेलं आपल्यासारखंच आयुष्य जगतात. पाहुण्यांपुरता पिसांचा मुकुट चढवून होणारा अर्ध्या तासाचा नाच मला तरी केविलवाणा वाटतो. त्यापेक्षा लॉज कोणाचा आहे ते बघावं. तांबोपातातलं ‘पोसादा अमासोनास’ १९९८ मध्ये सुरू झालं ते इन्फिएर्नो गावाशी भागीदारीत, नफ्याचा साठ टक्के वाटा गावाला ठरवून. या गावात एसे एहा लोक राहतात. इक्वेडोरच्या यासुनी अरण्यात ‘नापो वाइल्डलाइफ सेंटर’ अन्यांगू गावच्या किच्वा लोकांचं आहे. अशा ठिकाणी वाटाड्या बहुधा गावातलाच असतो.

शेवटचा गैरसमज लशीचा. ‘तिकडे कोणी विचारत नाही’ म्हणून पिवळ्या तापाची लस टाळणारे असतात. पण विचारतं ते आपलं विमानतळ! ब्राझील, पेरू, इक्वेडोरहून परतताना प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. त्यामुळे केंद्राची वेळ आधीच घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.