सातबारा तुमचा, मग झोन कशाला? पेण-रोह्याच्या नकाशावरचे रंग काय सांगतात

सातबारावर नाव तुमचे असले, तरी त्या जमिनीवर काय बांधता येईल हे विकास आराखड्यातला रंग ठरवतो. साधारणपणे पिवळा म्हणजे रहिवास, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे शेती. आधार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचा.

रोह्यात याचे कारण शोधावे लागत नाही. धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने, जवळच गावे आणि कुंडलिका नदी. कारखाना आणि घर यांत अंतर राखणे हा झोनचा जुना हेतू. एमआयडीसीच्या हद्दीत मात्र बांधकाम परवानगी ग्रामपंचायत नव्हे, महामंडळच देते.

पेणचे दुखणे वेगळे. खारेपाटात भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. एकाने भराव टाकला की पावसाच्या पाण्याची वाट अडते आणि ते शेजाऱ्याच्या शेतात तुंबते. ‘माझी जमीन, माझी मर्जी’ इथे चालत नाही, ते यामुळे. जमिनीच्या वापराबद्दल हा तालुका गप्पही बसलेला नाही: महामुंबई सेझवर हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांचा कौल सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला घ्यावा लागला.

आता उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या नवनगरासाठी २०२४ मध्ये एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण झाले आहे. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. हरकत लेखी द्या, गट क्रमांक लिहा, पोच घ्या. प्लॉट घेणाऱ्यांनी दलालाच्या शब्दावर न जाता आधी झोन दाखला मागावा.