शिक्षक-प्रशिक्षण संस्थांतील नेतृत्व

प्रशिक्षण संस्थेत दाखल झालेल्या छात्राध्यापकास दोन अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. एक विद्यापीठाने अथवा शासनाने छापून दिलेला असतो. दुसरा कोठेही छापलेला नसतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी परिपाठ कोण घेतो, प्राध्यापकांच्या बैठकीत कोण बोलतो व कोण केवळ ऐकतो, सूचना-वहीत आलेला हुकूम कोणत्या भाषेत लिहिलेला असतो, चुकलेल्या सराव पाठाविषयी छात्राध्यापकास एकांतात सांगितले जाते की साऱ्या गटासमक्ष, या सर्व गोष्टींतून तो दुसरा अभ्यासक्रम शिकविला जात असतो. वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता कसे वागतात, यावरून विद्यार्थ्याची शस्त्रक्रिया बरी किंवा वाईट होत नाही. परंतु ज्याला उद्या वर्ग चालवावयाचा आहे, तो आज स्वतः एका वर्गात बसलेला असतो व तो वर्ग कसा चालविला जात आहे हे रोज पाहत असतो. म्हणूनच प्राचार्यांच्या नेतृत्वाचा प्रश्न प्रशिक्षण संस्थांत प्रशासनापुरता राहत नाही. तो अध्यापन-पद्धतीचाच एक भाग होतो.

नेतृत्वाच्या प्रकारांची जी विभागणी आपल्या शैक्षणिक प्रशासनाच्या पुस्तकांत आढळते, तिचा उगम एका साध्या प्रयोगात आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह आयोवा येथे दहा वर्षे वयाच्या मुलांची लहान लहान मंडळे स्थापन केली. मुलांना मुखवटे तयार करण्यासारखी हस्तकामे दिली होती. एका प्रकारच्या मंडळात मोठा माणूस प्रत्येक पायरी स्वतः ठरवून हुकूम देई; दुसऱ्यात तो मुलांबरोबर चर्चा करून कामाची आखणी करी; तिसऱ्यात तो साहित्य देऊन बाजूस बसे. १९३९ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अधिकारनिष्ठ, लोकशाही व निर्हस्तक्षेपी हे तीन शब्द रूढ झाले.

या प्रयोगाचा एक भाग मात्र आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. हुकमाने चालणाऱ्या मंडळांत कामाचा उरक कमी नव्हता. उलट काहीसा अधिकच होता. फरक दिसला तो नेता खोलीबाहेर गेल्यावर. त्याची पाठ वळताच अधिकारनिष्ठ मंडळातील काम थांबे. चर्चेने चालणाऱ्या मंडळात ते बहुतांशी पूर्ववत चालू राही. निर्हस्तक्षेपी मंडळात काम आधीच थोडे व निकृष्ट होते.

हा निष्कर्ष अमेरिकेतील मुलांच्या हस्तकामापुरता आहे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या ग्रामीण शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे साठपर्यंत पटसंख्या असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. वऱ्हाडातील अनेक लहान गावांत दोन शिक्षक व चार किंवा पाच इयत्ता अशीच स्थिती असते. याचा सरळ अर्थ असा की शिक्षक एका इयत्तेस शिकवीत असता उरलेल्या इयत्तांची मुले त्याच्यावाचूनच अभ्यास करीत असतात, निदान त्यांनी तसा करावा अशी अपेक्षा असते. खोलीबाहेर गेल्यावर काय होते, हा लेविन यांचा प्रश्न द्विशिक्षकी शाळेत दर तासाला उभा राहतो. केवळ धाकाने वर्ग शांत ठेवण्यास शिकलेला शिक्षक येथे अर्धा दिवस निरुपयोगी ठरतो. आणि धाकाचा हा धडा त्याने बहुधा प्रशिक्षण संस्थेतच गिरविलेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. मूर्तिजापूर तालुका हा कापसाचा प्रदेश. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील या जंक्शनातून एके काळी यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मापाच्या गाड्यांनी हाच कापूस वाहून नेला. या भागातील शेतकरी कुटुंबांतून आलेला छात्राध्यापक दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की घरी अडकून पडतो. दुसरीकडे, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार डी.एल.एड. व बी.एड. या दोन्ही अभ्यासक्रमांत किमान वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता आवश्यक असून तीत ९० टक्के, तर अन्य अध्ययनकार्यात ८० टक्के उपस्थिती बंधनकारक आहे. अशा वेळी प्राचार्यांनी काय करावे?

अधिकारनिष्ठ प्राचार्य सूचना-वहीत नियम उद्धृत करून पालकांस पत्र धाडतील. नियम त्यांच्या बाजूने असतो, पण ज्याचे घर वेचणीवर अवलंबून आहे तो मुलगा एक तर अभ्यासक्रम सोडतो, नाही तर खोटे कारण शोधतो. निर्हस्तक्षेपी प्राचार्य काहीच म्हणणार नाहीत. वर्षाच्या शेवटी हजेरीपट पूर्ण झालेला दिसेल एवढेच. हा प्रकार उदारपणाच्या नावाखाली खपतो, परंतु तो सर्वांत घातक होय, कारण भावी शिक्षकास खोट्या नोंदीचा पहिला धडा त्यातून मिळतो. तिसरा मार्ग असा की सत्राच्या आरंभीच प्राध्यापक व छात्राध्यापक यांची बैठक घ्यावी, हंगामाचा काळ गृहीत धरून आंतरवासितेचे आठवडे मागेपुढे करावेत आणि जोडीजोडीने पाठांची पाळी लावावी. ९० टक्के हा आकडा मात्र या बैठकीत मतास टाकता येणार नाही. काय ठरलेले आहे व काय ठरवावयाचे आहे यांतील रेषा स्पष्ट करणे, हे लोकशाही नेतृत्वाचे पहिले काम. सर्वच गोष्टी चर्चेस ठेवणारा प्राचार्य थोड्याच दिवसांत थकतो, व चर्चाही थकते.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा प्राचार्य मात्र या तिन्हींत नेमका बसत नाही. १९६० नंतरच्या वर्षांत हॅल्पिन व क्रॉफ्ट या अमेरिकन संशोधकांनी ७१ प्राथमिक शाळांची पाहणी करून संस्थेच्या वातावरणाचे सहा प्रकार मांडले: खुले, स्वायत्त, नियंत्रित, घरगुती, पितृवत व बंद. यांपैकी पितृवत वातावरणाचे वर्णन वाचताना वऱ्हाडातील वाचकास कोणी ना कोणी ओळखीचे प्राचार्य आठवल्यावाचून राहणार नाहीत. ते सकाळी सर्वांच्या आधी येतात, पाठ टाचणे स्वतः तपासतात, फी भरू न शकणाऱ्याची सोय करतात, पाण्याची टाकी धुतली की नाही हेही पाहतात. त्यांच्याविषयी आदर असतो. पण त्यांच्या छायेत वाढलेला प्राध्यापक दहा वर्षांनंतरही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, आणि ते रजेवर गेले की संस्था जणू दम धरून बसते. हॅल्पिन यांनी हे वातावरण बंद वातावरणाच्या अगदी शेजारी ठेवले आहे. चांगुलपणाला इतके खालचे स्थान देणे प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. परंतु द्विशिक्षकी शाळेच्या कसोटीवर पाहता ते पटते.

याच मांडणीत दुसरी एक संकल्पना आहे: दुसऱ्यांकडून अपेक्षित असलेले काम नेत्याने आधी स्वतः करून संस्थेस गती देणे. मूर्तिजापूरकरांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. गाडगे महाराजांचे बालपण याच तालुक्यातील दापुरे या मामाच्या गावी गेले, आणि मूर्तिजापूर येथील गोरक्षण व धर्मशाळा ही त्यांच्या कार्याची स्थाने. गावात शिरताच ते हाती खराटा घेत. लोक मागाहून येत. रात्रीच्या कीर्तनात ते उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारीत व उत्तर श्रोत्यांच्या तोंडून काढून घेत. उभारलेल्या संस्था त्यांनी विश्वस्तांच्या हवाली केल्या. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील बी.एड. महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यास त्यांचेच नाव आहे.

गाडगे महाराजांचा स्नेह लाभलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले; पुढे त्यास महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. भाऊरावांचा स्वभाव करडा होता व त्यांना कोणी लोकशाही नेतृत्वाचा नमुना म्हणणार नाही. तथापि रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राहून स्वतःची कामे स्वतः करीत, आणि याच परंपरेत तयार झालेल्या शिक्षकांच्या बळावर संस्थेस सातारा परिसरातील खेड्यांत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणता आले. देखरेखीस कोणी रोज येणार नाही अशा गावी हे शिक्षक एकटे राहिले. वरून कठोर दिसणारे नेतृत्वही खालच्या माणसावर जबाबदारी टाकणारे असू शकते, हे येथे लक्षात घ्यावे. पाठ्यपुस्तकांतील चौकटी अशा ठिकाणी अपुऱ्या पडतात.

ताराबाई मोडक यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहिलेल्या ताराबाई पुढे राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. प्रतिष्ठेचे हे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करण्यास गेल्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. १९५७ पासून हे कार्य कोसबाड येथून चालले. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या, तरी केंद्र व तेथील प्रशिक्षण थांबले नाही. अनुताईंनी १९९२ पर्यंत ते वाढविले. नेता खोलीबाहेर गेला आणि काम चालू राहिले.

अर्थात आजच्या प्राचार्यांचे हात पुष्कळदा बांधलेले असतात. विनाअनुदानित संस्थेत नेमणुका व खर्च नियामक मंडळ ठरविते, काही प्राध्यापक तासिका तत्त्वावर येतात, आणि शिक्षक भरती दीर्घकाळ रेंगाळल्याने प्रवेशही घटले आहेत. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार २०३० पर्यंत स्वतंत्र अध्यापक महाविद्यालयांना बहुविद्याशाखीय संस्थांत रूपांतरित व्हावयाचे आहे. अशा काळात सर्व कागद एकट्याच्या टेबलावर ठेवून घेण्याचा मोह वाढतो. पण पाठ निरीक्षणानंतरच्या चर्चेत छात्राध्यापकाने प्रथम स्वतःच्या पाठाविषयी बोलावे, नंतर सहाध्यायांनी व शेवटी निरीक्षकांनी, एवढा क्रम बदलण्यास नियामक मंडळाची संमती लागत नाही. आठवड्याचा परिपाठ एका गटाकडे सोपवून प्राचार्यांनी मागे बसण्यासही लागत नाही.

आंतरवासिता ज्या शाळांत होते, तेथील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष व प्राचार्य यांची एक बैठक सत्रारंभी झाल्यास छात्राध्यापकास कोणत्या इयत्ता मिळतील व दोन इयत्ता एकाच वेळी सांभाळण्याचा सराव त्याला कधी द्यावा, हे आधीच ठरू शकेल. वेचणी कोणत्या आठवड्यात भरात येईल, हे महाविद्यालयाच्या कार्यालयापूर्वी पंचायत सदस्यांना कळते. वेळापत्रक कायम होण्याआधी तो आठवडा त्यांनी प्राचार्यांना कळवावा.