औषधाची मात्रा : प्रौढांची आणि बालकांची

पुणे शहराचा औषधोपचाराशी जुना संबंध आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभारलेले ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले. १९४६ मध्ये बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालयाची त्यास जोड मिळाली. शहरालगत पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन देशातच तयार होऊ लागले. औषधे अशा रीतीने सामान्यांच्या आवाक्यात आली. त्याचबरोबर ती योग्य मात्रेत देण्याची जबाबदारीही घरोघरी येऊन पोहोचली.

प्रौढांसाठी बहुतेक औषधांची मात्रा ठरलेली असते. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी हे त्याचे परिचित उदाहरण होय. बालकांच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. तान्ह्या मुलाचे यकृत व मूत्रपिंडे पुरेशी विकसित झालेली नसतात. त्यामुळे औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. पूर्वी बालकाच्या वयास, वयात बारा मिळवून येणाऱ्या संख्येने भागत व त्या प्रमाणात प्रौढांची मात्रा कमी करीत. या रीतीने सहा वर्षांच्या मुलास एक तृतीयांश मात्रा येई. परंतु एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात पुष्कळ अंतर असू शकते. म्हणून आता बहुतेक औषधांची मात्रा दर किलो वजनामागे ठरवितात.

ज्वरासाठी पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असते. बालकाचे वजन १२ किलो असल्यास ती १२० ते १८० मिलिग्रॅम होते. आता बाटलीवरील लेबल पाहावे. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या औषधातून १५० मिलिग्रॅम देण्यास ६ मिलिलिटर लागतील. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असल्यास ३ मिलिलिटर पुरतील. थेंबांच्या बाटलीत मात्र एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असू शकते. ते साधे सिरप समजून ५ मिलिलिटर पाजल्यास बालकाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जाईल. असे दिवसातून चार वेळा घडल्यास यकृतास गंभीर इजा होण्याचा संभव असतो.

घरातील चमचे लहानमोठे असतात. म्हणून बाटलीबरोबरची मापाची टोपी अथवा सुई नसलेली पिचकारी वापरावी. पूड स्वरूपातील प्रतिजैविकात उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे. पाणी कमी पडल्यास प्रत्येक चमच्यातील औषध वाढते. प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्यावी. सर्दीच्या मिश्र औषधातही पॅरासिटामॉल असू शकते, हे ध्यानात ठेवून दोन औषधे एकत्र देण्यापूर्वी घटक वाचावेत. क्लोरफेनिरामीन व फिनाइलेफ्रीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ज्वरासाठी मुलांना अ‍ॅस्पिरीन देऊ नये. तीन महिन्यांखालील बालकास ज्वर आल्यास घरगुती उपचार न करता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

बालकाचे अलीकडचे वजन डॉक्टरांना सांगणे, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घेणे आणि औषध दिल्याची वेळ टिपून ठेवणे, या तीन सवयी प्रत्येक कुटुंबाने अंगी बाणविल्यास औषध हे औषधच राहील.